पाटावरची जागा

"पाय उचलू नको! आहेस तिथेच थांब!"

हरिणीने दिव्यश्रीचा दंड धरून तिला मागे ओढलं. दिव्यश्रीच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, खड्यांच्या पसाऱ्यात, चार खडे जरा जास्तच गोल होते. मातकट रंग, वर काळे ठिपके. टिटवीची अंडी. डोक्यावर टिटवी जीव खाऊन ओरडत होती, गिरकी घेऊन पुन्हा पुन्हा खाली झेपावत होती.

"अप्पा, हिकडे या! पण हळू!"

अप्पा आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"वा गे! आम्ही दोघं यांच्यावरूनच चालत गेलो असतो. तुझे डोळे म्हणजे घारीचे डोळे."

हरिणीला वाटलं, आपण एका इंचाने उंच झालो. तीन वर्षं ती दर उन्हाळ्यात अप्पांबरोबर टाउन बसने दारासुरमला येत होती. विणकरांच्या गल्ल्या संपल्या की अरसलार नदीच्या काठचं हे माळरान लागायचं. अप्पांच्या लहानपणी इथे कोणाच्या तरी नांगराला बाणाची दोन टोकं लागली होती, ती त्यांनी स्वतः हातात धरली होती. तेव्हापासून ते शोधत होते. हरिणीला इथे मोर दिसले होते, मुंगसाचं अख्खं कुटुंब दिसलं होतं, एकदा तर हातभर घोरपड. बाण मात्र एकही नाही. पण घारीचे डोळे तिचे होते, आणि अप्पांनी ते कोईमतूरहून सुट्टीला आलेल्या चुलत बहिणीसमोर सांगितलं होतं!

हे सुख टिटवीची एक गिरकी पुरी होईपर्यंत टिकलं.

"काका! हे काय आहे?"

अंड्यांपासून मागे सरकून दिव्यश्री बांधावर बसली होती. तिच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढं, निमुळतं, गंजलेलं लोखंड होतं. मागे बारीक दांडी.

अप्पांनी ते घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि होते तिथेच मातीत बसले.

"बाण. दिव्या, बाणाचं टोक गे हे! पहिल्याच दिवशी!"

हरिणीने तीन पावलांवरूनच ओळखलं होतं. ते धोट्याचं टोक होतं. मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा, त्याच्या दोन्ही टोकांना असतं तसलं. आठवीत तिला इथेच अशी दोन सापडली होती. धावत जाऊन तिने ती वर्गातल्या शिवकामीला दाखवली, तर ती पोट धरून हसली आणि तिने घरातला मोडका धोटाच आणून पुढे ठेवला. हरिणीने दोन्ही टोकं अरसलारमध्ये फेकली होती. अप्पांना सांगितलंसुद्धा नव्हतं.

आणि आता अप्पा फोनवर ओरडत होते. "खंडेनवमीला पाटावर मधोमध! होय, मधोमध!"

खंडेनवमीला त्यांच्या घरी आयुधांचा पाट मांडला जाई. घराणं एके काळी तंजावूरच्या दरबारातलं, पण पाटावर असायचं काय? विळी, स्कूटरची किल्ली आणि हरिणीच्या कंपासपेटीतलं कर्कटक. मधली जागा अप्पा दर वर्षी मोकळी ठेवत. ती जागा हरिणी भरणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

"अक्का, तू एवढी वर्षं काय शोधत होतीस?" दिव्यश्री हसत म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

हरिणीने मनाशी हिशेब केला. आपण सांगितलं तर ते जळणं होईल. विणकराने सांगितलं की झालं, मग कोण काय बोलणार?

"अप्पा, तहान लागली," ती गोड आवाजात म्हणाली. "शिवकामीच्या घरी ताक मिळेल."

शिवकामीचे वडील राजगोपाल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. पाहुणे पाहून त्यांनी हात थांबवला. अप्पांनी तमिळमध्ये सगळी हकिगत सांगितली आणि लोखंड त्यांच्या हातावर ठेवलं. राजगोपालांनी दांडीवरून अंगठा फिरवला. त्यांची नजर मागाकडे गेली. अर्ध्या विणलेल्या तांबड्या साडीवर धोटा पडला होता, दोन्ही टोकं लखलखीत.

हरिणीने ताकाचा तांब्या ओठांना लावून तसाच धरला. बोला ना, मामा.

"कोणाला सापडलं?"

"माझ्या भावाच्या मुलीला," अप्पा म्हणाले. "काय सांगू, सार. घराण्याची तलवार वाटणीत थोरल्या भावकीच्या मोठ्या घराकडे गेली, तेव्हापासून आमचा पाट मोकळा. माझ्या वडिलांनी वाट पाहिली, मग मी. मोठ्या घरच्यांना आत्ताच फोन केला. म्हटलं, या वेळी तुम्ही आमच्याकडे या नमस्काराला."

ते हसले. निकालाच्या दिवशी मुलं बोर्डासमोर उभी राहतात तसे ते राजगोपालांसमोर उभे होते. शर्टाच्या पाठीला माती लागली होती.

हरिणीने तांब्या खाली ठेवला. वाटेत तिने सगळं मनात पाहून घेतलं होतं, त्यात दिव्यश्रीचा चेहरा पडत होता. अप्पा त्यात कुठेच नव्हते.

स्वयंपाकघराच्या दारातून शिवकामी आधी लोखंडाकडे, मग हरिणीकडे बघत होती. आता ती हसत नव्हती.

"जुनं आहे," राजगोपाल शेवटी म्हणाले. "फार जुनं." आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं.

"अक्का, हे होडीसारखं काय आहे गे?" दिव्यश्री मागाजवळ पोहोचली होती. तिने हात पुढे केला.

हरिणी दोन ढांगांत तिथे गेली. तिने धोटा आधी उचलला आणि त्याची दोन्ही टोकं दोन मुठींत झाकली.

"हात लावू नको. रेशमाला डाग पडतो."

"तू लावलास की!"

"मला येतं."

दिव्यश्रीने खांदे उडवले. मागे अप्पा शिवकामीच्या अम्मांना पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले होते. पहिल्याच दिवशी, बसल्या जागी, हात घालते तो काय! टोकं तळहातांत रुतत होती. हरिणीने मुठी आणखी आवळल्या.