मांजराच्या कानात गेलेला रक्तदाब

गोर्ना लिपा गावात त्या रविवारी चर्चची प्रार्थना लवकरच आटोपली, कारण निम्मं गाव हारालांबीच्या अंगणात रांग लावून उभं होतं. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे, कुणाचा खोकला जुनाट. ओसरीवर मेंढीच्या कातड्यावर मांजराचं एक पिल्लू निवांत झोपलं होतं. हारालांबी आजाऱ्याचा हात धरून पिल्लाच्या पाठीवरून फिरवायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं पिल्लानं ओढून घेतल्याचं जाहीर करायचा. पुरावाही समोर होता. उन्हाळ्यात दुधासारखं पांढरं असलेलं ते पिल्लू आता कान, नाक, पंजे, शेपूट असं काळवंडत चाललं होतं.

"हा डावा कान बघा, यात स्तांकाचा रक्तदाब गेलाय," तो सांगत होता. "शेपटीत पोस्टमनची कंबर. उजव्या पंजात अजून जागा आहे. कुणाचा संधिवात असेल तर आजच बोला."

पायरीवर मधाच्या बरण्या आणि चीजचे गोळे वाढत होते.

नेवेना मागे कुंपणापाशी उभी होती. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर तिनं भटक्या जनावरांसाठी निवारा काढला होता. तिथे आलेल्या तीन पिल्लांपैकी हे एक, नुकतेच डोळे उघडलेलं, तिनंच हारालांबीला दिलं होतं, आणि त्यानं ते तळघरात वाढवलं होतं. नोंदवहीत तिनं तिघांपुढे लिहिलं होतं: "पांढरं, साधं गावठी." एरवी ती या तमाशाला हसून घरी गेली असती. पण स्तांका तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिनं तीन आठवड्यांपासून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नेवेनानं दोनदा समजावलं, दोनदा स्तांकानं कॉफी पुढे करून विषय बदलला. त्या दिवशी रांगेत स्तांकाला भोवळ आली. कुंपण धरून ती हसली खरी, पण नेवेनाला हसू आलं नाही.

घरी येऊन तिनं उरलेली दोन पिल्लं पहिल्यांदाच नीट पाहिली. डोळे निळे. यांचेही कान आणि शेपट्या काळपट. एकाच्या कुशीला शरद ऋतूत जखम झाली होती, तेव्हा शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिथले केस भादरले होते. नवे केस चक्क तपकिरी उगवले होते, चौकोनी ठिगळासारखे. रोज पाहूनही तिला प्रश्न पडला नव्हता, याची तिला लाज वाटली. तिनं त्याच डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्याकडून सगळं समजून घेतलं.

पुढच्या रविवारी तिनं दोन्ही पिल्लं नेऊन त्या कातड्यावर तिसऱ्याशेजारी ठेवली.

"या दोघांना माझ्याशिवाय आणि जनावरांच्या डॉक्टरांशिवाय कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली, "आणि आम्ही दोघंही धडधाकट आहोत. मग यांनी कुणाचं काय ओढलं?"

हारालांबीनं चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं आणि ही कंबरच असावी असं पुटपुटला.

"माझी कंबर शेपटीत होती ना?" पोस्टमननं विचारलं. "आणि चौकोनी कधी झाली?"

अंगण हसलं. नेवेनानं आधी स्वतःची चूक सांगितली: ही साधी पांढरी मांजरं नव्हेतच, यांच्या वाडवडिलांत कुणीतरी सयामी असणार. या जातीत केसांचा गडद रंग अंगाच्या गार भागावरच तयार होतो. आईच्या पोटात ऊब, म्हणून पिल्लं जन्मतात पांढरी. मग कान, नाक, पंजे, शेपूट ही गार टोकं आधी रंगतात. केस भादरलेली कूस थंडीत गारठली, म्हणून तिथेही रंग आला. हारालांबीचं पिल्लू तर गारढोण तळघरात वाढलेलं, ते जास्त काळं होणारच.

"पण मला बरं वाटतं, नेवेना," स्तांका हट्टानं म्हणाली.

नेवेना गावच्या नर्सला रक्तदाब मोजायच्या यंत्रासकट घेऊन आली होती. नर्सनं सगळ्यांसमोर स्तांकाच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद आला. स्तांकानं आकडा पुन्हा विचारला, मग गुपचूप पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि पाणी मागितलं. पाणी हारालांबीनंच आणून दिलं.

"मांजर मांडीवर घ्या, खुशाल घ्या," नेवेना रांगेकडे वळून म्हणाली. "बरं वाटतंच. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. ते मोजून बघायचं असतं."