तळघरातली भट्टी आणि ओसरीवरचं खोकं

एल्डन गॅलंटच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी तेलाची भट्टी त्रेचाळीस वर्षांची झाली होती. पेटताना ती धक्क्यावर होडी आपटल्यासारखा आवाज करी, तेल पाण्यासारखं पिई, घरभर त्याचा वास सोडी, आणि जेवायला आलेले पाहुणे म्हणत, मासा छान झालाय, फक्त डिझेल जरा जास्त पडलंय. तरी एल्डनचा तिच्यावर जीव होता.

त्याची बायको व्हर्ना तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत आली होती. तिने एकदा ठरवलं की ठरलं.

"तेल जाळणं आता बंद," ती म्हणाली. "लाकडाच्या गोळ्यांची शेगडी घ्यायची की हीट पंप, ते तू सांग."

"गोळ्यांची पोती तळघरात कोण उतरवणार?"

"तूच."

एल्डनच्या कमरेने लगेच हीट पंपाला मत दिलं.

यंत्र बसवायला त्याची भाची क्लोडिन आली. तिने आत भिंतीवर एक लांबट पेटी लावली आणि बाहेर ओसरीलगत पंखा असलेलं मोठं खोकं ठेवलं.

"मामा, हे बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून आत आणतं."

"बाहेर ऊब आहे? नोव्हेंबरात? मग पन्नास वर्षं मी शेवंडांचे पिंजरे ओढत होतो तेव्हा ती कुठे दडून बसली होती?"

"थोडी असते रे," व्हर्ना म्हणाली. "फ्रिज दुधातली ऊब काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो ना? हे तसंच, फक्त उलटं."

"म्हणजे यापुढे मी फ्रिजच्या पाठीमागे राहणार."

मग व्हर्नाने अट घातली. रविवारपर्यंत घर वीस अंशांवर राहिलं, तर सोमवारी भंगारवाला भट्टी नेणार. नाही राहिलं, तर भट्टी घरातच, आणि व्हर्ना तिच्याविरुद्ध पुन्हा चकार शब्द काढणार नाही.

चार दिवस पारा विसावरून हलला नाही. एल्डन दर तासाला जाऊन बघे आणि उतरल्या तोंडाने परत येई.

शुक्रवारी उत्तरेचा वारा सुटला. तेव्हा एल्डनने तेच केलं जे त्याचा बाप आणि आजा दर हिवाळ्याआधी करत. किनाऱ्यावरून गाडीभर समुद्री गवत आणलं आणि घराच्या पायाभोवती ठासून भरलं, म्हणजे घराखालून वारा शिरत नाही. ओसरीपाशी आल्यावर त्याने खोक्यासमोर हात धरला. बर्फासारखी हवा.

"हं. थंडी येते ती इथूनच तर," तो स्वतःशीच म्हणाला, आणि तिथे दुप्पट गवत लावलं. पार वरपर्यंत. वर एक फळी ठेवून तिच्यावर दगडही ठेवला. मनात कपट काही नव्हतं. काम चोख झालं म्हणून तो खूश होता.

शनिवारी सकाळी पारा सतरावर आला, दुपारी तेरावर. व्हर्नाने आधी स्वेटर घातला, मग टोपी, मग कोट. शेवटी हातमोजे घालून सूप प्यायली.

"हरले मी," ती म्हणाली. "भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवते." तिने फोन उचलला.

एल्डन आनंदाने बाहेर धावला. हरलेल्या यंत्राला चार शब्द सुनवायचे होते. पण यंत्र दिसेचना. गवताचा एक ढीग तेवढा आतून घुरघुरत होता.

ते त्यानेच गाडलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं की भट्टी त्याची. पण घरात बायकोला हातमोजे घालून सूप प्यावं लागलं होतं.

तो आत आला. "फोन ठेव, व्हर्ना."

"का?"

"मी त्या खोक्याला गवताच्या गोधडीत गुंडाळलंय."

व्हर्नाने खिडकीतून पाहिलं. "कशासाठी?"

"गार हवा सोडत होतं."

"ऊब काढून घेतली की उरणार ती गारच ना? मोकळी हवा नसेल तर ते ऊब आणेल कुठून?" ती पहिलीच्या वर्गात विचारावं तसं शांतपणे म्हणाली, "मग आता काय करायचं?"

"मोकळं करायचं," एल्डन पुटपुटला.

त्याने गवत उपसलं. पंखा सुटताक्षणी त्याने उरलेलं सगळं एल्डनच्या तोंडावर भिरकावलं. रात्रीच्या जेवणापर्यंत पारा विसावर आला. एल्डनच्या कानातून मात्र अजून गवत निघत होतं.

"आजचा दिवस मोजू नकोस," तो म्हणाला. "चूक माझी, त्याची नाही."

सोमवारी तीन माणसांनी भट्टी जिन्यावरून वर ओढली. एल्डन पुढे पुढे दारं उघडत होता.

"सांभाळून, डोकं आपटेल तिचं."

"हिला डोकं कुठलं?" भंगारवाल्याने विचारलं.

"माझ्यापेक्षा बरंच आहे," एल्डन म्हणाला, आणि शेवटचं दार धरून उभा राहिला.