अंगठ्यापुरता खेळ

दादाची उभी हयात लेथ मशीनवर गेली, आणि आजार नेमका हातांतच आला. आधी पाना निसटायला लागला, मग चहाचा कप. स्नायू असेच झिजत जाणार, यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आता तो दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचा. वहिनी कामाला जायची. दुपारी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानातून सुटली की त्याच्याजवळ येऊन बसायची. पण बोलायचं काय, हा दोघांपुढे प्रश्नच.

म्हणून तिने गेम खेळायचा एक कन्सोल आणला. हातात मावेल एवढा, प्लास्टिकचा, स्वस्तातला. जुन्या गेम-मशीनची नक्कल करणारे इम्युलेटर त्यात भरलेले होते. "हजारो गेम आहेत ताई," दुकानदार म्हणाला, "त्यातले निम्मे चालतात, हे आधीच सांगतो."

विमानांचा गेम चालला. शाळा बुडवून दादा व्हिडिओ-गेमच्या पार्लरमध्ये जो खेळायचा, तोच.

"अगं, हाच तो!" दादा सरसावून बसला. "बाबांनी मला कान धरून ओढत घरी नेलं होतं, आठवतं?"

"माझाही धरला होता. मी नुसती बघत उभी होते तरी!"

तो खदखदून हसला. संध्याकाळी वहिनी दारातच थबकली. घरातून हसण्याचा आवाज येतोय म्हटल्यावर ती आधी घाबरलीच.

पण आजार काही थांबला नाही. उजवा अंगठा बटण दाबेना, तेव्हा बहिणीने सेटिंगमध्ये डोकं घालून गोळ्या आपोआप सुटतील असं केलं. डावा अंगठा ढिला पडला, तेव्हा तिने गेमचा वेग निम्म्यावर आणला. विमानं सरपटायला लागली, संगीत रडल्यासारखं लांबायला लागलं. तिने आवाजच बंद केला. शेवटी खेळायचं तिने आणि सांगायचं दादाने, असं ठरलं.

"डावीकडे... माठ... डावीकडे!"

त्याची जीभही जड होत चालली होती. ती मुद्दाम चुका करायची. तो चिडला की तिला जरा बरं वाटायचं.

एका दुपारी तो काहीच बोलला नाही. विमान आदळलं. तिने खेळ पुन्हा मागे नेला. पुन्हा आदळलं.

"सांग ना रे, दादा."

"बंद कर."

"दुसरा लावू? गाड्यांचा आहे एक."

"बंद कर." पुढचे शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. "मला... केव्हापासून... नकोय. रोज कळतं. हात... किती गेला ते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू... हौसेनं आणलास."

तिने कन्सोल बंद केला. मुळात तिला असल्या खेळांत कधीच रस नव्हता; लहानपणीही ती दादाबरोबर असायला मिळतं म्हणून जायची. हे सांगावंसं वाटलं, पण आता सांगून काय होणार होतं?

खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. दादाची मान हळूहळू एका बाजूला कलली. तिने उठून मानेखाली उशी सरकवली.

"बरं वाटतंय असं?"

त्याने डोळे मिटले. ते हो होतं की नाही, तिला कळलं नाही. वहिनीला यायला अजून बराच वेळ होता.