काचेमागचा कुकारा

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीत चला. अरुंद टेबलावर अणशीचा लखू उताणा पडला आहे. रानात अस्वल समोर आलं तरी जागचा न हललेला हा म्हातारा. पण मनगटातून बारीक नळी काळजापर्यंत जाणार म्हणताच त्याने नर्स नेत्राचा हात गच्च धरला आहे.

"सोडू नगं, पोरी."

"लखूमामा, तुमी हललासा तर नळी चुकंल."

"म्हनून तर धर म्हंतोय!"

नेत्रा रामनगरची, म्हणजे लखूच्याच जोयडा तालुक्यातली. जोयड्याकडचं माणूस टेबलावर आलं की तिचा हात आपसूक पुढे जायचा. नळी कुठे पोचली हे दिसावं म्हणून डॉक्टर क्ष-किरण सोडतात, आणि ते रुग्णाच्या अंगावरून आजूबाजूलाही उडतात. चुलीच्या धगीसारखंच असतं ते. खेटून बसलेल्याला फार, मागे सरकलेल्याला कितीतरी कमी. लखूला ही धग एकदाच, नेत्राला रोजची. शिशाचा एप्रन अंग झाकतो, हात मात्र उघडेच. अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या तिच्या बिल्ल्यावरचा आकडा चढतच चालला होता.

"आज पुन्हा हात धरलात, तर तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात पाठवीन," डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेत्राला हीच खोली हवी होती. इथे आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती वाकली. "मामा, रानात केशरमामी लांब ऱ्हायली तर काय करतासा? हात धरतासा?"

"येडी का काय! कुकारा घालतो."

"मग म्या त्या काचंमागनं घालते. तुमी पडल्या पडल्या नुस्तं हूं म्हना."

"आनि तुला वाघानं न्हेली तर?"

"एप्रन बघूनच पळंल त्यो!"

लखू हसला. त्याची बोटं सुटली.

शिशाच्या काचेमागून नेत्राने साद घातली, "कूऽऽ!"

"हूं."

डॉक्टर पायाने किरणांचं पेडल दाबायचे, लगेच सोडायचे आणि पडद्यावर थांबलेलं चित्र निरखायचे. नळी पुढे सरकत गेली. काळजातली रक्ताची बंद पडलेली वाट मोकळी झाली. लखू तसूभरही हलला नाही.

"झालं, मामा!" म्हणत नेत्राने शेवटचा कुकारा मोकळ्या गळ्याने घातला.

दाराबाहेर लखूच्या बायकोजवळ, केशरआजीजवळ, नात अंकिता बसली होती. तिला कुकारा ऐकू आला. आज्ज्याचं हूं काही ऐकू आलं नाही.

"गप बस हां, दवाखाना हाय ह्यो," तिची चुळबूळ बघून आजी कुजबुजली.

पण रानातल्या माणसाचा कुकारा कुणी तसाच सोडत नाही. अंकिता उठली, दोन्ही तळवे तोंडाशी नेले, आणि आज्ज्याच्या वतीने तिने ओ दिली.