बघून येते

"कुठं पडली म्हणालात?"

बत्तीशीकाकांनी मान वर न करताच विचारलं. त्यांच्या तळहातावर वरच्या कवळीचे दोन तुकडे होते, बरोबर मधोमध दुभंगलेले. पुढचा एक दात निखळला होता, तो गुरुजींनी कागदाच्या पुडीत वेगळा आणला होता.

"पलीकडच्यांच्या प्रार्थनाघरात," गुरुजी म्हणाले. "खाली वाकलो आणि सटकली. दगडी फरशी आहे त्यांची."

वरचे दात नसल्यामुळे गुरुजींचा ओठ आत गेला होता आणि बोलताना शब्दांतून हवा सुटत होती. काकांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. चाळीस वर्षं ते कवळ्या बनवत आले होते. बिनदाताच्या माणसाचं बोलणं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजत नसे. तरी त्यांनी विचारलं, "कुणाच्या?"

"नीट ऐकलंस तू. पलीकडच्यांच्या. पुलापलीकडं."

काकांच्या हातातला एक तुकडा टेबलावर पडला.

हे गुरुजी म्हणजे काही साधीसुधी असामी नव्हती. काकांच्या समाजाच्या प्रार्थनाघरात गेली पस्तीस वर्षं दर आठवड्याला त्यांचं प्रवचन होत असे. काकांचं लग्न त्यांनी लावलं होतं, काकांच्या वडिलांना त्यांनीच शेवटचा निरोप दिला होता. आणि अकरा वर्षांपूर्वी काकांची एकुलती एक लेक पुलापलीकडं जायला लागली, तेव्हा काका धावत गेले होते ते याच गुरुजींकडं. गुरुजींनी सांगितलं होतं, "विष आहे की नाही हे चाखून बघायचं नसतं. दार लावून घे." काकांनी दार लावून घेतलं होतं. ते अजून लागलेलंच होतं.

"काय करायला गेला होता तिथं?" काकांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"सहा महिने झाले जातोय. दर मंगळवारी दुपारी."

"सहा महिने?"

"आधी चुका शोधायला गेलो. प्रवचन लिहीत होतो, त्यांच्या प्रार्थनेबद्दल एक जळजळीत वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. म्हटलं, अरे, हे लोक असं म्हणतात हे आपल्याला सांगितलं कुणी? आपण पस्तीस वर्षं ठोकून देतोय, एकदा कानांनी ऐकलंय का? तर नाही. म्हणून गेलो. पहिल्या दोन खेपांना वही घेऊन बसलो होतो. तिसऱ्या खेपेला वही घरीच राहिली."

"आणि वाकलात? त्यांच्यासारखे?"

"शेवटी मी पण वाकलो. सगळे वाकले होते, मलाच ताठ बसवेना."

काका उठून उभे राहिले. कवळी घासताना लावायचा, कपाळावर सरकवलेला चष्मा काढायचंही त्यांना सुचलं नाही. "म्हणजे तुम्ही आता त्यांचे झालात."

"छे रे. सगळं पटलं असंही नाही. काही गोष्टी तर मुळीच पटल्या नाहीत, त्यांना तसं सांगितलंसुद्धा. पण आपल्याच प्रार्थनेतली एक ओळ मी सत्तर वर्षं पाठ म्हणतोय, तिचा अर्थ मला तिथं बसल्यावर लागला. हे कुणाला सांगू?" गुरुजींनी ओठ पुसले. "प्रार्थनेच्या येत्या वारी प्रवचनात सांगणार आहे. सगळ्यांसमोर. म्हणून ही कवळी लवकर हवी."

"खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे," काका म्हणाले. गुरुजींशी ते या सुरात जन्मात कधी बोलले नव्हते. "माझी पोर तेव्हा हेच म्हणत होती ना? तुमच्या तोंडावर तिनं विचारलं होतं, गुरुजी, तुम्ही कधी बघितलंय का तिकडं?"

"विचारलं होतं. ते विसरलो नाही, म्हणून तर तुझ्याकडं आलोय. तुटलेली कवळी कुणीही जोडून दिली असती."

गुरुजी भिंतीला धरून उठले आणि दाराशी घुटमळले. काकांची दातखीळच बसली होती. गुरुजी गेल्यावर त्यांनी टेबलावरचे तुकडे बघितले. हे जोडलेच नाहीत तर? बिनदाताचा माणूस मंचावर काय बोलणार आणि लोकांना काय कळणार? पस्तीस वर्षांची अब्रू झाकलेली राहील. गुरुजींची, आणि दार लावून घेतलेल्या बापाचीही. त्यांनी दोन्ही तुकडे खणात टाकले आणि खण बंद केला.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. आतल्या दारात बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता. काकांना त्याचाच पहिला धक्का बसला.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "ज्यांच्या शब्दावर आपण पोटची पोर पलीकडच्यांना देऊन टाकली, ते आता..."

"कुणाला देऊन टाकली?" बायको म्हणाली. "ती कुठं झाली पलीकडची?"

काका तिच्याकडं वळले.

"आठ महिने गेली तिकडं, मग सोडलं. आपलीच प्रार्थना करते. घरी एकटी. दहा वर्षं झाली."

"तुला कसं माहीत?"

"महिन्यातून एकदा जाते मी तिच्याकडं. पाय दुखतात म्हणून मालिशवालीकडं जाते म्हणते ना, तेव्हा." ती हे इतक्या सरळपणे म्हणाली, जणू दूध नासलं म्हणून सांगत होती. "आता ओरडायचं असेल तर ओरडा."

काकांना ओरडायचं होतं. पण आवाज फुटला तो अगदीच वेगळा. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तिनं तिकडं जाणं सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगायला आले होते, इथंच, या उंबऱ्यावर. 'आपली टकळी' एवढंच म्हटलं तर तुम्ही प्लास्टरचं भांडं भिंतीवर फेकलंत. म्हणालात, ते नाव या घरात पुन्हा निघालं तर मी घर सोडीन. मग नाही काढलं." तिनं पदराला हात पुसले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुठं जाऊन सांगणार होते?"

टकळी हे लेकीचं घरातलं नाव. लहानपणी ती उठल्यापासून झोपेपर्यंत प्रश्न विचारायची. दात पांढरे का, मेण का वितळतं, आपली प्रार्थना देवाला ऐकू जाते तर पुलापलीकडच्यांची का जात नाही. शेवटचा प्रश्न तिनं सातव्या वर्षी विचारला होता आणि काका खो खो हसले होते. बाविसाव्या वर्षी तोच विचारला तेव्हा हसले नव्हते.

शहर एकच होतं. पण लेक राहत होती ती बाजू काकांनी सोडूनच दिली होती. त्या दुपारी त्यांनी बस पकडली तेव्हा चष्मा अजून कपाळावर होता. शेजारच्या बाईनं खूण केली, तेव्हा कळलं.

लेक जिथं नोकरीला आहे असं बायकोनं सांगितलं होतं, त्या रक्त तपासणी केंद्रात माणसं बाकांवर दाटीनं बसली होती. काय करावं ते न सुचून काकांनीही यंत्रातून टोकन घेतलं आणि रांगेत बसले. काचेच्या पार्टिशनमागं पांढऱ्या कोटातल्या दोघी होत्या. एकीच्या केसांत कानाशी पांढरी बट होती. ती आपली, हे ओळखायला काकांना चार टोकनं लागली.

"सत्तेचाळीस," तिनं पुकारलं.

काका जाऊन खुर्चीत बसले. तिनं हात पुढं केला. "डॉक्टरांची चिठ्ठी?" आणि मग वर बघितलं.

हातमोज्यातला तो हात तसाच हवेत राहिला. मागं कुणीतरी खोकलं.

"चिठ्ठी नाही," काका म्हणाले.

"मग काय तपासायचंय?"

"काही नाही. मी आपला..."

तिनं रांगेकडं बघितलं, शेजारच्या बाईकडं बघितलं. मग खाली मान घालून ड्रॉवरमधून साखर तपासायचं छोटं यंत्र काढलं. "खुर्चीत बसल्यावर काहीतरी करावं लागतं, बाबा. मागं लोक आहेत. बोट द्या."

काकांनी बोट दिलं. तिनं ते कापसानं पुसलं, जरा जास्तच वेळ.

"तू पलीकडची झालीच नाहीस?" काकांनी हळूच विचारलं.

तिचा हात थांबला. "तुम्हाला हे आज कळलं?"

"आज. दुपारी."

"मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे." तिचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटायचं, माहीत असूनही तुम्हाला नको आहे."

मग तिनं सुई टोचली. काकांना टोचलेली कळलीही नाही.

"मग गेलीस तरी कशाला?"

"बघायला. सांगून गेले होते की. दारातून 'बघून येते, बाबा' म्हटलं होतं. तुम्ही 'जाते' ऐकलंत." रक्ताचा थेंब तिनं पट्टीवर घेतला. "चेष्टा करायला नव्हते गेले, भांडायलाही नाही. खरं असेल तर मानायचं, असं ठरवून गेले. तसं ठरवल्याशिवाय जाण्यात अर्थ नसतो, नुसती फेरी होते."

"आणि?"

"चांगलं होतं पुष्कळ. त्यातलं थोडं अजून आहे माझ्याकडं, आणि ते मी टाकणार नाही. पण एकटी बसले की तोंडात आपलीच प्रार्थना यायची. मग परत आले."

"परत कुठं?"

"घरी. कडी वाजवली होती. आत तुमच्या कवळी घासायच्या यंत्राची मोटर चालू होती. कडी वाजल्यावर ती बंद झाली. मला वाटलं, आता उठले. मग ती पुन्हा चालू झाली."

काकांना ते आठवत होतं. दाराच्या धुरकट काचेतून दिसलेली सावली आठवत होती. ही वाद घालायला आली असं स्वतःला समजावून त्यांनी बटण दाबलं होतं, आणि त्या दिवशी एका बाईची कवळी गरजेपेक्षा जास्त घासली गेली होती.

यंत्रानं टुंग केलं. "एकशे सहा," ती म्हणाली. "ठीक आहे. जेवला नाहीत वाटतं. जेवून घ्या."

काका उठले. ती कापूस टाकत, दुसरीकडं बघत म्हणाली, "प्रार्थनेच्या वारी सुट्टी असते मला. सकाळी घरीच असते." आणि लगेच मोठ्यानं, "अठ्ठेचाळीस!"

दुसऱ्या दिवशी काकांनी खण उघडला. दोन्ही तुकडे मेणानं जुळवून धरले, पण दोनदा पुन्हा जुळवावे लागले. मग खाली प्लास्टर ओतलं, चीर रुंद केली, गुलाबी पावडर भरली, निखळलेला दात जागेवर बसवला. संध्याकाळ व्हायच्या आत कवळी घेऊन ते स्वतः गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजींनी ती तोंडात बसवून दोन-चार शब्द बोलून पाहिले. "झकास. परवा येशील ना ऐकायला?"

"नाही."

"राग आहे माझ्यावर. असणारच."

"आहे," काका म्हणाले. "काल लेकीला भेटेपर्यंत सगळा तुमच्यावरच होता. पण दार लावा एवढंच तुम्ही सांगितलंत. मोटर मी चालू केली." गुरुजींना मोटरचं काही कळलं नाही, आणि काकांनी उलगडून सांगितलं नाही.

त्या वारी गुरुजी बोलले. काकांना ते नंतर कळलं, तेही तीन माणसांकडून तीन तऱ्हांनी. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या दोन रांगा उठून गेल्या, कुणीतरी दिवे मालवले, तरी म्हातारा बोलत राहिला. पुढच्या आठवड्यापासून मंचावर दुसरा माणूस आला.

काका त्या वेळी लेकीच्या घरी होते. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक ओटा, खिडकीशी टेबल. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. चहा विचारला नाही. प्रार्थनेआधी घ्यायचा नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यांची प्रार्थना एकट्यानं म्हणायची नाहीच मुळी. एकानं ओळ म्हणायची आणि बाकी साऱ्यांनी तिला उत्तर द्यायचं, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. लेकीनं डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. काकांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. पण तेवढ्यात उत्तरही तिनंच म्हटलं, थोड्या खालच्या आवाजात. मग दुसरी ओळ, दुसरं उत्तर. मध्ये टाचणीएवढीही फट नव्हती. काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दहा वर्षं ही पोर या खोलीत दोन्ही बाजू एकटीच म्हणत होती.

तिसऱ्या ओळीला त्यांनी घाईनं शब्द घुसवला, आणि दोन आवाज एकमेकांवर आपटले. तिनं डोळे उघडले.

"सवय झालीय," ती ओशाळून म्हणाली. "थांबायचं लक्षात राहत नाही."

"असू दे. म्हण तू."

तिनं पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

काका हे उत्तर साठ वर्षं म्हणत आले होते, तीनशे माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळून. एकट्यानं ते कधी म्हटलं नव्हतं. अर्धी ओळ फुटक्या आवाजात बाहेर आली आणि पुढचे शब्द काही केल्या सापडेनात. ते चाचपडत राहिले. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

लेकीनं शब्द सुचवले नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ती नुसती थांबली होती.