वरच्या घरातली बाटली

"तोंड उघड बघू."

मुलीने आ केला. आईने वाकून वास घेतला, शाळेतून आलेल्या पोराची झडती घ्यावी तसा.

"काय खाल्लंस वर?"

"काही नाही."

"मग कॉलरला लाल काय लागलंय?"

मुलीने हनुवटी छातीत रुतवून कॉलर बघायचा प्रयत्न केला. दिसली नाही, त्यामुळे खोटंही सुचलं नाही. "सॉस. मोठ्या काकूकडचा. उकडलेल्या बटाट्यावर."

"आपल्याकडे नाहीये सॉस?"

"तुझा नको. त्यात बिया येतात. काकूचा दुकानातला आहे, बाटलीतला. बाहेर येत नाही ना, मग काकू बाटलीच्या ढुंगणावर थापट्या मारते!" सांगता सांगता तिला हसू आवरेना.

आईला हसू आलं नाही. तिने मुलीला पाठमोरी केली आणि शर्ट वर केला. पाठ, काखा, कानामागची जागा, सगळं तिने उजेडात धरून पाहिलं. अंगावर पित्ताची एकही गांध उठलेली नव्हती. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, की एक तरी असायला हवी होती. एवढीशी. जिन्याने वर जाऊन दाखवता आली असती.

आपण काय विचार केला हे कळल्यावर तिने घाईघाईने शर्ट खाली ओढला.

ती घरी शिवणकाम करायची. डोळ्यांत तेल घालून दिवसभर टाके घालायचे आणि उरलेल्या डोळ्यांनी दुकानात पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या नारिंगी गोळ्या खाऊन मुलीच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "खाण्यातला रंग आणि टिकवायची औषधं, दोन्ही बंद." एका वाक्यात बंद. बाई मोकळ्या झाल्या, आई अडकली. दुकानदार ओरडायचा, "वहिनी, घ्यायला आलात की वाचायला?" बिस्किटं घरी, जॅम घरी, दर रविवारी टोमॅटो आटवून सॉस घरी. आणि पोरीचं तोंड मात्र कायम वाकडं.

वरच्या मजल्यावर थोरली जाऊ. तिची मुलं शिकून बाहेर पडलेली, हाताशी वेळच वेळ. "माझे दोघं रंगीत गोळ्या चघळतच घोडे झाले," असं चारचौघांत म्हणायची. पोरगी तिच्याकडे धावत जायची आणि खाली पाय ओढत यायची. राबायचं हिने, गळ्यात पडायचं तिच्या. तरी रीत म्हणून धाकटी दर रविवारी सॉसचा एक डबा वर पाठवायची. डबा रिकामा होऊन यायचा. चांगला झाला होता, असा निरोप कधी आला नाही. मोरीत ओतत असेल, असं धाकटीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

ती मशीनवरचं कापड तसंच सोडून वर गेली.

"ये गं! आज मशीनला सुट्टी?" जाऊबाई ओट्यापाशी होत्या.

"बाटली कुठाय?"

"कसली बाटली?"

"पोरीच्या जिवाशी खेळताय तुम्ही, जाऊबाई. तुम्हाला लाड करायला काय जातंय? पापण्या सुजल्यावर मांडीवर घेऊन मी बसते."

टेबलावर पोरीची उष्टी बशी तशीच होती, शेजारी ती बाटली. लालभडक कागद, सोनेरी अक्षरं. धाकटीने पुरावा म्हणून बशी उचलली. काठाला सॉस सुकला होता. त्यात एक बी चिकटली होती.

टोमॅटोची बी. दुकानातल्या सॉसमध्ये बी कुठली?

तिने ओट्याकडे पाहिलं. तिचाच डबा होता. वाडग्यावर मलमलचा फडका ताणून बांधलेला आणि त्यावर बियांचा लगदा. फडकाही तिच्याच चिंध्यांतला.

"एखादी सुटते हातून," जाऊबाई म्हणाल्या. "डोळे गेले आता. गाळते, चिमूटभर साखर घालते, नि भरते बाटलीत. दुकानातला होता तो आम्ही दोघांनी कधीच संपवला."

धाकटी खुर्चीत बसली. हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण घोटभरच. मग पुन्हा तीच जळजळ, आधीपेक्षा खोल. पोरगी जे मिटक्या मारत खात होती ते तिचंच होतं आणि नाव मात्र दुसरीचं झालं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर 'तो माझाच आहे गं' असं तिला म्हटल्यावाचून राहवलं असतं तुला?"

धाकटीने बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी तिचे डोळे मिटलेले मीही बघितलेत," जाऊबाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

"नको. कापड सोडून आलेय."

रविवारी तिने सॉस आटवला. या वेळी स्वतःच मलमलमधून गाळला, दोनदा. चिमूटभर साखर घातली. डबा भरून मुलीच्या हातात दिला.

मुलीने तो अंगापासून लांब धरला. "हा तुझा ना? मी नाही हं खाणार."

आईने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"तुला कोण देतंय?" ती म्हणाली. "काकूला दे. सांडू नकोस."

मुलगी जिना चढून गेली. आई मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला, पायडल मारू लागली. थोड्या वेळाने वरच्या उघड्या खिडकीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बाटलीच्या बुडावर तळहाताच्या थापट्या. थप, थप, थप. पोरगी खिदळली.

आईने पाय थांबवला. थापट्या संपेपर्यंत ती कापडावर हात ठेवून बसून राहिली. मग शिवण पुढे सुरू केली.