भर उन्हात बघणारा

मित्रांनो, मी रानपिंगळा आहे, म्हणजे रानातलं छोटं घुबड, आणि मला दिवसा चांगलं दिसतं. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण ते एका माणसाला ठाऊक नसल्यामुळे माझी तीन पिल्लं उपाशी मरायची वेळ आली होती.

बदलापूरच्या पलीकडच्या रानात, सागाच्या ढोलीत माझा जन्म झाला. तुमच्या सोसायटीतला पिंगळा माझा भाऊबंद. त्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, माझं जवळजवळ कोरं. छाती तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय मात्र दांडगे, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. सकाळी मी उघड्या फांदीवर उन्हात बसतो. लपायला मी काय चोर आहे?

एका रविवारी मी जमिनीवर सरडा पकडला, तोच अंगावर टॉवेल पडला. फिरायला आलेल्या अल्पेशने मला उचलून पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यात कोंडलं. त्याचं मन चांगलं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. ढोलीत पिल्लं होती. त्यांना ऊब देत बसलेली त्यांची आईसुद्धा माझ्याच शिकारीवर जगत होती. मी आतून खोकं बोचकारत राहिलो.

रस्त्याकडेला कौसाबाई करवंदं विकत बसली होती. अल्पेश तिथे थांबला.

"मावशी, घुबड सापडलंय. दिवसा दिसत नाही ना, बिचारं खाली पडलं होतं. अंधार झाला की सोडतो, सेफ राहील."

कौसाबाईने खोक्यात डोकावून पाहिलं.

"आंधला नाय रं तो! डोकं बघ त्याचं, ठिपके हायेत का? ह्यो दिवसाचाच शिकारी. घरात पोरं वाट बघत असतील त्याची. जिथनं उचललास तिथं सोड. आत्ताच!"

तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. टोपली तशीच ठेवून ती त्याच्याबरोबर आली. खोकं उघडताच मी अल्पेशच्या अंगठ्यावर नखांची खूण ठेवली आणि उडालो. दोघांच्या डोळ्यांदेखत, टळटळीत उन्हात, दुसरा सरडा उचलला आणि ढोलीत नेला. तिन्ही चोची उघड्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, मला तुमची दया नको. माझं रान आणि माझी ढोली तेवढी जपा. मी दिसलो, तर टॉवेल पिशवीतच राहू द्या आणि आधी माझं डोकं नीट बघा. मी तुम्हाला केव्हाच बघितलेलं असतं.